आर्चबिशप, आमच्या शेजारी जीव घडवले जात आहेत

बंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो यांना खुले पत्र

आदरणीय आर्चबिशप,



हे पत्र मराठीत लिहितोय याचं आपल्याला फार नवल वाटू नये. २००६ ते २०१८ आपण बेळगावचे बिशप होतात. त्या शहरात बारा वर्षं काढूनही ज्याच्या कानावर मराठी पडली नाही, असा माणूस मला अजून भेटायचाय. शिवाय पत्र खुलं आहे. वसई, गोवा, बेळगाव, अहिल्यानगर इथल्या मराठी ख्रिस्ती घरांतली कितीतरी मुलं-मुली आज बंगळुरूच्या प्रयोगशाळांत आणि कंपन्यांत कामाला आहेत. पोरगी नेमकं काय करते असं त्यांच्या आईवडिलांना विचारलं, तर ‘बायोटेकमध्ये आहे’ यापलीकडे त्यांना सांगता येत नाही. हे पत्र त्यांनीही वाचावं.

मी मूळचा वसईचा, राहतो इंदिरानगरात. शास्त्रज्ञ नाही, धर्मगुरू तर नाहीच. रविवारी मिस्सेला मागच्या बाकावर बसणाऱ्यांपैकी एक.

मला एका वाक्याविषयी बोलायचं आहे. कृत्रिम जीवनिर्मितीचा विषय आपल्या प्रवचनांत आणि प्रार्थनासभांत क्वचित निघतो, आणि निघाला की एका वाक्यात मिटतो: माणूस आता देव व्हायला निघालाय. ऐकणारे माना डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. माझं म्हणणं असं की हे वाक्य ख्रिस्ती परंपरेला धरून नाही. आणि त्याचा खरा तोटा हा की एकदा ते उच्चारलं की पुढे काही विचारायचं उरतच नाही. विचारायला हवं असं बरंच काही आहे.

आधी आमच्या वस्तीविषयी. इंदिरानगर मेट्रो स्टेशनवर उतरून सीएमएच रोडने १०० फुटी रस्त्याकडे चालू लागलं की यीस्टवर चालणारे धंदे एकामागून एक लागतात. बेकऱ्या आहेत, जागेवर बीअर बनवणाऱ्या मायक्रोब्रुअरी आहेत. औषधाची दुकानंही त्यातच धरा. माझ्या थोरल्या भावाला मधुमेह आहे. तो इथे राहायला आला की फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी त्याचं इन्सुलिन येऊन बसतं. बंगळुरूच्याच बायोकॉनने २००४ मध्ये बाजारात आणलेलं मानवी इन्सुलिन पिकिया नावाच्या एका जातीच्या यीस्टमध्ये तयार होतं. इन्सुलिन बनवण्याची माणसाच्या शरीरातली सूचना त्या यीस्टच्या पेशीत घालायची, ते मोठ्या टाक्यांत वाढवायचं आणि त्याने बनवलेलं औषध शुद्ध करून बाटलीत भरायचं. याआधी कित्येक दशकं इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत असत. म्हणजे आपल्या देशातल्या निरनिराळ्या धर्मांच्या रोग्यांची एक जुनी अडचण बदललेल्या सूक्ष्म जिवांनी दूर केली. सुई टोचून घेताना देवाच्या कामात ढवळाढवळ झाली असं माझा भाऊ कधी म्हणाला नाही. आपणही म्हणणार नाही.

हे झालं एक-दोन जनुकांचं. बेकरीत आणि बीअरमध्ये जे साधं यीस्ट असतं, सॅकरोमायसीस, त्याचा तर पूर्ण जीनोम नव्याने लिहून काढण्याचं काम अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी वाटून घेतलं. त्या यीस्टला १६ गुणसूत्रं असतात. २०१४ मध्ये त्यातलं एक पूर्णपणे कृत्रिमरीत्या रचून पेशीत बसवलं गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये निम्म्याहून अधिक डीएनए माणसाने रचलेलं असं यीस्ट वाढू लागल्याचं जाहीर झालं. २०२५ च्या सुरुवातीला उरलेलं शेवटचं गुणसूत्रही हातात आलं.

हे सगळं परदेशात चालतं असंही समजू नये. २००९ मध्ये याच शहरातल्या सृष्टी या कला आणि डिझाइनच्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मदतीने ई-कोलाय जिवाणूला जिओस्मिन तयार करायला लावलं होतं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो तो याच द्रव्याचा. ही मुलं ते घेऊन अमेरिकेत एमआयटीत भरणाऱ्या आयजेम नावाच्या स्पर्धेला गेली. चित्रकला-डिझाइन शिकणारी मुलं, आर्चबिशप. जीवशास्त्राची पदवी घेतलेलीसुद्धा नव्हेत. पावसाचा वास देणारा जंतू ही कल्पना मला त्या वेळी फारच गोड वाटली होती, आजही वाटते. या मुलांना प्रवचनात ‘देव व्हायला निघालेले’ म्हणायचं तर ते वाक्य किती हास्यास्पद ठरेल, याचा विचार करावा.

आता मुख्य प्रकरण. २० मे २०१० रोजी अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने जाहीर केलं की संगणकावर उतरवलेल्या माहितीवरून एका जिवाणूचा अख्खा जीनोम, सुमारे १० लाख ८० हजार अक्षरांचा, रसायनांपासून जोडत नेऊन त्यांनी जवळच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूच्या पेशीत घातला आणि ती पेशी या नव्या जीनोमच्या हुकमाने जगू लागली, विभागू लागली. सुमारे १५ वर्षं आणि ४ कोटी डॉलर त्यावर खर्च झाले. मध्येच एका जनुकातलं एक अक्षर गळालं होतं, तेवढ्याने काम कित्येक आठवडे अडून बसलं. मूळ जिवाणूपासून हा वेगळा ओळखू यावा म्हणून शास्त्रज्ञांनी जीनोममध्ये सांकेतिक लिपीत स्वतःची नावं आणि थोरामोठ्यांची वचनं घातली. त्यातलं रिचर्ड फाइनमन यांचं वचन चुकीचं उतरलं होतं. ते पुढे दुरुस्त करावं लागलं. देव व्हायला निघालेल्या माणसाची ही शुद्धलेखनाची चूक मला तरी दिलासा देणारी वाटते.

त्या वेळी रोमने काय केलं? व्हॅटिकनच्या ‘लॉसेर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्राने थंड डोक्याने लिहिलं की हे उत्तम दर्जाचं अभियांत्रिकीचं काम आहे. जीवन निर्माण केलेलं नाही, जीवनाचं एक इंजिन बदललं आहे. शाप नाही, हाकाटी नाही. मग आपल्या गावोगावच्या व्यासपीठांवर एवढी आग कुठून आली, हे मला अजून उमगलेलं नाही.

पण रोमच्या त्या उत्तरावरही मी पूर्ण समाधानी नाही. पेशी आधीच जिवंत होती, म्हणून ही निर्मिती नव्हे, हा युक्तिवाद आज पुरतो. उद्या तो पुरेलच असं नाही. पेशीचं आवरण, तिच्यातली यंत्रणा आणि जीनोम, सगळंच निर्जीव रेणूंपासून उभं करण्याचे प्रयत्न चालू आहेत. आपल्या देशात अलाहाबाद विद्यापीठातले कृष्ण बहादूर यांनी १९६३ मध्येच, रसायनांच्या मिश्रणावर सूर्यप्रकाश पाडून सजीवासारखे वागणारे कण मिळाल्याचा दावा केला होता आणि त्यांना ‘जीवाणू’ असंच नाव दिलं होतं. तो दावा काही सर्वमान्य झाला नाही. पण समजा, आणखी वीस वर्षांनी कुणाचा तरी खरा ठरला, आणि काचेच्या भांड्यात, आधी कुठलाही जीव नसताना, एक जीव हलू लागला. त्या दिवशी आमची श्रद्धा कोलमडायची का?

संत थॉमस अक्वायनस यांची कोलमडली नसती. ज्यांच्याशिवाय कॅथलिक ईश्वरशास्त्राचं पान हलत नाही, ते हे तेराव्या शतकातले गुरू, कुजणाऱ्या पदार्थातून किडे आपोआप निपजतात हे गृहीत धरूनच चालले होते. त्यांच्या काळी सगळेच तसं मानत. त्यांच्याही आठशे वर्षं आधी संत ऑगस्टीन यांनी मांडलं होतं की देवाने सृष्टीत बीजरूपाने शक्ती ठेवून दिल्या आहेत, वेळ आली की त्या प्रकट होतात. निर्जीवातून सजीव येतं, ही या दोघांसाठी रोजच्या निरीक्षणातली गोष्ट होती आणि तिने त्यांच्या विश्वासाला ओरखडाही उठत नव्हता. सुरुवातीला एकदा फुंकर घालून बाजूला झालेला कारागीर, अशी त्यांची देवाची कल्पनाच नव्हती. जे काही आहे ते ज्याच्यामुळे क्षणोक्षणी टिकून आहे, तो देव. अशा देवाच्या हातून माणूस काय हिसकावून घेणार?

पुढची गंमत तर आणखी बोलकी आहे. अठराव्या शतकात या प्रश्नावर युरोपात जो गाजलेला वाद झाला, त्याच्या दोन्ही बाजूंना कॅथलिक धर्मगुरू होते. इंग्लंडचे फादर जॉन नीडहॅम यांनी मटणाचा रस्सा तापवून बाटल्यांत बंद केला. काही दिवसांनी त्यात सूक्ष्म जीव वळवळताना दिसले, तेव्हा जीव आपोआप उपजतो असं त्यांनी ठरवलं. इटलीचे फादर लाझारो स्पालान्झानी यांनी तोच प्रयोग अधिक वेळ उकळून आणि काचेचं तोंड वितळवून पक्कं बंद करून केला. काही उपजलं नाही. यात नीडहॅम यांची टर कुणी उडवावी? व्हॉल्टेअरने! हा आयरिश जेझुइट नास्तिकांच्या हातात दारूगोळा देतोय, अशी त्याची तक्रार. नीडहॅम आयरिशही नव्हते आणि जेझुइटही नव्हते, पण चांगली टवाळी सुचली की व्हॉल्टेअर तपशिलाकडे बघत नसे. पुढे १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनी निकाल लागला, आणि जीव जिवापासूनच येतो हे वाक्य धार्मिक मंडळींना हळूहळू आपलंसं वाटू लागलं. म्हणजे ‘जीव घडवणं हा देवाचा राखीव प्रांत’ ही समजूत, जी आज आपण प्रेषितांपासून चालत आलेल्या श्रद्धेसारखी मिरवतो, ती जेमतेम दीड-दोनशे वर्षांची आहे, आणि तिचा पाया प्रयोगशाळेतला आहे.

एवढं झाल्यावर मी उत्पत्तीच्या पुस्तकाकडे वळतो. आमच्या लोकांना ती कथा नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी राचोलला १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ती मराठी ओव्यांत रचली, म्हणजे चारशे वर्षं ती आपल्या भाषेत आहे. त्या कथेत देव माणसाला बागेत ठेवतो ते बाग कसण्यासाठी आणि राखण्यासाठी. प्राण्यांना नावं द्यायचं काम माणसावर सोपवतो. यात कुठे ‘हात लावू नको’ आहे? एका झाडापुरतं आहे, आणि ते झाड जीवनाचं नव्हे, बऱ्यावाईटाच्या ज्ञानाचं. मग फळ खाल्लं जातं, माणूस झुडपाआड लपतो, आणि देव त्याला पहिला प्रश्न विचारतो तो हा की तू कुठे आहेस. पुढच्याच अध्यायात काइनाला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे. काइन म्हणतो, मी काय त्याचा राखणदार आहे? मला हे दोन अध्याय कृत्रिम जीवनिर्मितीवरचा सगळ्यात नेमका ख्रिस्ती मजकूर वाटतात. देव जाब मागतो, आणि माणूस लपतो किंवा हात झटकतो.

आता ही फूटपट्टी लावून बघू. जीव कुणी घडवला, हे बाजूला ठेवा. घडवल्यानंतर त्याचा जाबदार कोण?

१९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाचास चार अशा निसटत्या बहुमताने, आपल्या बंगालमधून तिकडे गेलेल्या आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तयार केलेल्या तेल खाणाऱ्या जिवाणूवर पेटंट देता येतं असा निकाल दिला. तेव्हापासून जिवंत वस्तूवर मालकी सांगण्याचा रस्ता मोकळा झाला. व्हेंटर यांच्या संस्थेचा जीव तयार होण्याच्या तीन वर्षं आधीच, २००७ मध्ये, तिचा किमान जीनोमच्या जिवाणूवरचा पेटंट-अर्ज प्रसिद्ध झालेला होता. आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) मध्ये वनस्पती आणि प्राणी वगळलेले आहेत. सूक्ष्म जीव मात्र त्या वगळण्यातूनही वगळले आहेत. म्हणजे भारतातही घडवलेल्या जंतूला मालक असू शकतो. ठीक आहे. पैसा ओतणाऱ्याला मोबदला हवा, यात मला पाप दिसत नाही. पण मालकी आणि जाबदारी एकाच माणसाच्या दारात नांदायला हव्यात, आणि आपला अनुभव तसा नाही.

विदर्भातला कापूस घ्या. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. जिवाणूतलं जनुक घातलेलं ते झाड बोंडअळीला मारत असे, आणि सुरुवातीची काही वर्षं शेतकऱ्याचा फवारणीचा खर्च खरोखर कमी झाला, हे कबूल करायला हवं. मग गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातल्या उभ्या पिकाची वाट लावली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले. बियाण्यावर हक्क सांगणारे होते, प्रत्येक पाकिटामागे पैसे घेणारे होते. अळी परतल्यावर मात्र जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला: शेतकऱ्याने भोवती साध्या कापसाची ओळ लावली नाही, सरकारने लक्ष दिलं नाही, बियाणं बोगस होतं. काइनाचंच उत्तर, वेगवेगळ्या लेटरहेडवर.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात नेमकं इथे बोट ठेवलं आहे. जनुकं बदलणं हे मुळातच पाप, असं ते म्हणत नाहीत; उलट सरसकट निवाडा करणं अवघड आहे, निसर्गातही असे बदल घडतात, हे ते मान्य करतात. त्यांची चिंता आहे ती जमीन मोजक्या हातांत जाण्याची, लहान शेतकरी देशोधडीला लागण्याची. आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्या सगळ्यांना बोलावून व्यापक चर्चा घडवा, असं ते सांगतात. आमच्या वसईला हे विश्वपत्र वाचून शिकावं लागलं नाही. त्याच्या पाव शतक आधी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली पाणी आणि जमीन वाचवायला रस्त्यावर उतरले होते. बावखलं, म्हणजे तिथली गोड्या पाण्याची तळी, बुजवून इमारती उठवणाऱ्यांना त्यांनी ‘तुम्ही देव बनताय’ असं कधी सुनावलं नाही. पाणी कुणाचं, आणि संपल्यावर उत्तर कोण देणार, एवढंच विचारलं. त्या प्रश्नानेच लोक एकत्र आले.

शास्त्रज्ञांबद्दलही न्यायाने बोलायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३८ शास्त्रज्ञांनी मिळून एक इशारा दिला. पृथ्वीवरच्या सगळ्या जिवांचे रेणू एका ठरावीक बाजूला वळलेले असतात. त्यांची आरशातली प्रतिमा असलेल्या रेणूंचा जिवाणू बनवणं पुढेमागे शक्य होईल, आणि तसा जिवाणू बाहेर पडला तर माणसाची, प्राण्यांची, झाडांची प्रतिकारशक्ती त्याला बहुधा ओळखणारच नाही. म्हणून या दिशेने जाऊच नये, असं त्यांनी लिहिलं. सह्या करणाऱ्यांत खुद्द क्रेग व्हेंटर होते. त्यांच्यात आपल्या एनसीबीएसमधल्या दीपा आगाशेही होत्या. म्हणजे इंदिरानगरपासून तासाभराच्या अंतरावर काम करणारी एक शास्त्रज्ञ जगाला ‘इथे थांबा’ म्हणणाऱ्यांत आहे. ज्याचं करिअर पुढे जाण्यावर चालतं त्या माणसाने आपण होऊन थांबणं सोपं नसतं. उत्पत्तीच्या कथेत देव सहा दिवस निर्माण करतो आणि सातव्या दिवशी थांबतो. त्या थांबण्याला आपण रविवारची सुट्टी करून टाकलं. मला वाटतं, ते थांबणं निर्मितीइतकंच दैवी आहे, आणि त्या ३८ जणांनी त्या दिवसाचा मान आपल्यापेक्षा जास्त ठेवला. आपल्या कुठल्या व्यासपीठावरून त्यांचं कौतुक झालेलं मी तरी ऐकलं नाही.

एका जागी मात्र मला आपल्यासमोर माझं अडखळणं मांडायचं आहे, कारण तिथे जंतूंचा न्याय चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या याकोव्ह हान्ना यांच्या गटाने शुक्रजंतू, अंडं किंवा गर्भाशय यांतलं काहीही न वापरता, फक्त मूलपेशींपासून, १४ दिवसांच्या मानवी भ्रूणासारखी रचना वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. तिचं मूल होऊ शकत नाही. निदान आज तरी. चर्चची भूमिका, १९८७ च्या ‘दोनुम विते’पासून २००८ च्या ‘दिग्नितास पर्सोने’पर्यंत, गर्भधारणेच्या क्षणावर उभी आहे: त्या क्षणापासून माणूस म्हणून मान द्या. इथे तो क्षणच नाही. कुणी कुणाला फलित केलेलं नाही. मग हे काय आहे? पेशींचा गोळा म्हणून सोडून द्यावं, तर दरवर्षी तो गोळा अधिकाधिक आपल्यासारखा दिसत जाणार. माणूस म्हणावं, तर कुठल्या क्षणापासून? जुन्या सूत्राने याचं उत्तर निघत नाही, आणि ‘निषिद्ध’ असा शिक्का मारूनही निघत नाही, कारण प्रयोग करणारे आपला शिक्का बघायला येत नाहीत.

मुद्दा दूरचाही नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी हर्षा चावडा जन्मली, त्याला आता चार दशकं होत आली. आज इंदिरानगरात वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या शोधाव्या लागत नाहीत, आणि आपल्या धर्मग्रामातली जोडपीही तिथे जातात. गुपचूप जातात, कारण चर्चला ते मान्य नाही हे त्यांना ठाऊक असतं. या बाबतीत मला चर्च अकारण कठोर वाटतं, हे मी स्पष्ट सांगतो. पण त्या कठोरपणाच्या पोटात एक प्रश्न खरा आहे: गोठवून ठेवलेल्या उरलेल्या भ्रूणांचं काय? २०२१ च्या कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. त्यानंतर नष्ट करायचे, किंवा आईबापांच्या संमतीने संशोधनाला द्यायचे. ही संमती देताना त्या जोडप्याशी बोलायला कोण असतं? फॉर्म देणारी नर्स. आपण दार लावून घेतल्यामुळे नेमक्या त्या घटकेला त्यांना फादर आठवत नाही.

म्हणून माझी मागणी. या शहरात आपल्याकडे काय नाही? कोरमंगलाला भारतीय बिशपांच्या परिषदेने १९६३ मध्ये उभं केलेलं सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिथे डॉक्टर होणाऱ्या मुलांना नीतिशास्त्र शिकवण्याची जुनी परंपरा आहे. होसूर रोडला धर्माराम या कॅथलिक संस्थेतले तत्त्वज्ञ आहेत. मिलर्स रोडला १९१० पासून चालत आलेलं प्रोटेस्टंटांचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. त्यांना टाळू नये, या विषयावर त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कमी संकोच आहे. आणि एनसीबीएस, आयआयएससी शेजारीच. एवढी माणसं एका शहरात असून ती एका खोलीत बसत नाहीत.

फेब्रुवारी २०१० मध्ये, व्हेंटर यांच्या घोषणेच्या तीन महिने आधी, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्यावर बंगळुरूत जनसुनावणी घेतली होती. नागपूरसह आणखी सहा शहरांतही घेतली. शेतकरी आले, शास्त्रज्ञ आले, आरडाओरडा झाला, मंत्र्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ९ फेब्रुवारीला वांग्याला स्थगिती दिली. तो निर्णय बरोबर होता का यावर आजही वाद आहे. पण ज्यांच्या ताटात आणि शेतात ती वस्तू जाणार होती त्यांना आधी विचारलं गेलं, हे नाकारता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जैवतंत्रज्ञानाच्या कारखानदारीला चालना देणारं बायोई-३ धोरण मंजूर केलं, तेव्हा वांग्याच्या वेळी झाली तशी शहरोशहरी खुली सुनावणी माझ्या बघण्यात आली नाही.

ती आपण घ्यावी. वर्षातून दोनदा, खुली, कॅथलिकांपुरती मर्यादित नसलेली. कन्नड, तमिळ, इंग्रजी, कोंकणी. आणि मागच्या बाकावरच्यांसाठी मराठीही चालेल. तिथे कोलारचा टोमॅटो पिकवणारा असावा, इन्सुलिनवर जगणारा असावा, प्रयोगशाळेत रोज जंतू हाताळणारी आमची पोरं असावीत. कंपन्यांना बोलवावं आणि एकच गोष्ट लेखी मागावी: तुम्ही घडवलेला जीव उद्या चुकीच्या जागी गेला तर फोन कुणाला करायचा, आणि भरपाई कोण देणार. एवढं कागदावर द्यायला जे तयार नाहीत त्यांची नावंही जाहीर करावीत. आणि त्या पोरांसाठी, ज्यांना आपलं काम पाप आहे की पुण्य हे विचारायला कुणी नाही, विज्ञान समजणारे दोन-तीन फादर नेमावेत. घाई आहे, कारण वेग आपल्या हातात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून जिवाणूभक्षक विषाणूंचे सुमारे ३०० जीनोम लिहून घेतले. त्यांतले १६ प्रत्यक्षात चालले. संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या या शहराला त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

पहिल्या सभेसाठी मी दीपा आगाशे यांचं नाव सुचवतो. त्या येतील की नाही ठाऊक नाही. निमंत्रण आपल्या सहीने गेलं तर येण्याची शक्यता वाढेल. सभागृह, खुर्च्या, माइक, चहा हे सगळं इंदिरानगरातली आम्ही मंडळी बघून घेऊ. आपण फक्त तारीख कळवावी. प्रायश्चित्तकाळातली मात्र नको, त्या दिवसांत एकही फादर मोकळा सापडत नाही.

आपला नम्र,
एक वसईकर
इंदिरानगर, बंगळुरू